आयटीतले नाना

फोर्टपासून परळपर्यंत कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या ऑफिसात एक नाना असतात. हुद्दा सिस्टीम्स असो, सपोर्ट असो की ॲडमिन, काम एकच: लोकांच्या खिशातले फोन सांभाळणं.

आमचे नाना राहतात गिरगावच्या चाळीत आणि नोकरी करतात लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती त्या आवारात. गळ्यात ओळखपत्र, वरच्या खिशात सिम काढायची टाचणी. ही टाचणी ते बायकोलाही देणार नाहीत. कानातलं काढून त्याने सिमचा ट्रे उचकटणाऱ्या मुली दिसल्या की त्यांच्या पोटात कालवतं.

नवा माणूस रुजू झाला की चहाच्या आधी नाना हजर. "स्टार हॅश शून्य सहा हॅश दाब." पंधरा आकडी आयएमईआय उमटतो. तो एक्सेलमध्ये जातोच, शिवाय लाल कापडी बांधणीच्या वहीतही उतरतो. सर्व्हर झोपतो, वही झोपत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग फोनवर कंपनीचं सॉफ्टवेअर चढतं, आणि प्रत्येक जण बिचकतो. माझे फोटो दिसतील का? बायकोचे मेसेज? नानांचं उत्तर तयार असतं. "फोन तुझा. त्यातली एक खोली कंपनीने पागडीवर घेतली, एवढंच. ब्रीफकेसचं चिन्ह दिसतंय ना, ती ॲप्स त्या खोलीतली. तुझ्या स्वयंपाकघरात डोकवायला आम्हाला वेळ कुठाय?" आणि मग, गिरगावकरच ते, आवाज खाली आणून: "फरक इतकाच, नोकरी सुटली की हा भाडेकरू सामान उचलून मुकाट निघून जातो."

अँड्रॉइडवर ही वेगळ्या खोलीची सोय 2014 च्या लॉलीपॉपपासून आली. त्याआधीच्या दिवसांबद्दल नाना प्लेगबद्दल बोलावं तसं बोलतात. तेव्हा कंपनीचं मेल पुसायचं म्हटलं की बहुधा अख्खा फोनच पुसला जायचा, पोराच्या बारशाच्या फोटोंसकट.

पासवर्ड हा वेगळाच अध्याय. 123456 चालत नाही, जन्मसाल चालत नाही, दर तीन महिन्यांनी बदलायचा. नानांना कुणाचाही पासवर्ड दिसत नाही, आणि तरी सगळ्यांचे माहीत आहेत, कारण विसरलेला पासवर्ड लोक त्यांच्या टेबलाशी उभे राहून मोठ्याने आठवतात. "बाप्पा... मोरया... ॲट द रेट..." नाना दोन्ही कानांत बोटं घालतात.

तिसऱ्या मजल्यावर म्युच्युअल फंडाची डीलिंग रूम आहे. फंड उद्या कुठला शेअर उचलणार हे आज बाहेर पडलं, तर आधीच तो घेऊन ठेवणारे टपलेलेच असतात, म्हणून सेबीचा डोळा. सौद्याचं बोलणं रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवरच. स्वतःचे फोन दाराबाहेरच्या लाकडी कप्प्यांत. बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला मिटतो. तोवर ते कप्पे गुरगुरत असतात. एरवी अशा ठिकाणी माणूस रुक्ष होतो. नाना रिंगटोनवरून घरं ओळखायला लागले. फोनला हात लावणार नाहीत, पण काचेवर टकटक करून सांगतील, "साहेब, वहिनींचा तिसऱ्यांदा वाजतोय. लँडलाइनवरून करा."

एकदा सेल्सच्या साहेबांनी विचारलं, "नाना, आपली पोरं दुपारी कुठे असतात ते कळेल का हो? फोन तर कंपनीचेच आहेत."

"जेवायच्या वेळेत सिस्टीम दाखवत नाही, साहेब."

खरंच दाखवत नाही का, असं मी नंतर विचारलं. नाना टाचणीने नखं कोरत बसले.

त्यांची खरी परीक्षा अनंत चतुर्दशीला. लालबागमध्ये माणसाला माणूस चिकटलेला, आणि मग काळाचौकी पोलीस ठाण्यात फोन गेलेल्यांची रांग, हे दरवर्षीचंच. राजा चौपाटीला पोचतो दुसऱ्या दिवशी, त्यामुळे नानांची रात्रपाळी ठरलेली. चाळीच्या गॅलरीत खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, बाजूला लाल वही. एका वर्षी सेल्सच्या एका पोराने मित्राच्या फोनवरून हाक मारली, "नाना, गेला!"

"राजा कुठवर आला?"

"भारतमाताजवळ."

हात जोडून झाले, मगच नानांनी वही उघडली. फोन पुसायचा हुकूम सोडला. पण चोरांनाही अक्कल असते, त्यांनी फोन केव्हाच बंद केला होता. आणि फोन चालू होऊन नेटला लागेपर्यंत हुकूम पोचत नाही. पडद्यावर 'पेंडिंग'. पोराला तक्रार करायला पाठवलं, तक्रारीची प्रत आणि वहीतले पंधरा आकडे घेऊन 'संचार साथी'वर फोन ब्लॉक करायला लावला. झालं. लोक विसरले.

नाना विसरले नाहीत. रोज सकाळी संगणक लावला की आधी ती एक ओळ बघायची. दिवाळी गेली, पेंडिंग. संक्रांत गेली, पेंडिंग. "कंपनीने त्याला नवा फोन दिला की हो," मी म्हटलं. "नवा दिलाय. जुना कुठे पुसलाय?"

शिमग्याच्या सुमाराला कुठल्याशा गावात कुणीतरी तो फोन वायफायला जोडला असावा. पेंडिंगच्या जागी हिरवी खूण आली. नाना खाली जाऊन पेढे घेऊन आले. तोवर ते पोर नोकरी सोडून पुण्याला गेलं होतं, त्यामुळे पेढे कशाचे हे निम्म्या ऑफिसला कळेना. माझ्या हातावर पेढा ठेवला, मी तो तोंडात टाकेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "तुमचा पासवर्ड बदलायचा राहिलाय. शुक्रवारी मुदत संपली."