म्हातारे रॉकवाले आणि त्यांच्या बायका

अहो वहिनी, या जरा अशा कुंपणापाशी. काल रात्री आमच्याकडून आरडाओरडा ऐकू आला असेल, तर ते भांडण नव्हतं हो! ‘स्टिल क्रेझी’ बघत होतो. जुना आहे, 1998 चा, इंग्लंडमधला.

नाही हो, मारामारीचा कसला! ‘स्ट्रेंज फ्रूट’ नावाचा रॉक बँड असतो. 1977 मध्ये एका मोठ्या जलशात भर स्टेजवर त्यांचं बिनसतं, त्यात वरून वीज कोसळते, आणि जो तो आपल्या वाटेनं जातो. वीस वर्षांनी पुन्हा जमवाजमव. तोवर एकेकाची काय गत! कीबोर्डवाला टोनी इबिझा बेटावर मशिनींमध्ये निरोध भरत हिंडतोय. हळू हसा, सासूबाई ओट्यावर बसल्यात. बासवाला लोकांची छपरं दुरुस्त करतोय, आणि ड्रमवाला टॅक्सवाल्यांना चुकवत लपलाय. हा ड्रमवाला म्हणजे हॅरी पॉटरमधला तो उंदीर होणारा माणूस, टिमथी स्पॉल.

पण खरी मजा गायकाची. बिल नाय! ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये दाढीच्या जागी ऑक्टोपसच्या सोंडा असलेला, तोच. इथे तो रे नावाचा गायक झालाय. पन्नाशीला टेकलेला, केस लांब, पँट घट्ट, तोरा असा की राणीनं याच्याकडे वेळ मागावी. आणि आतून? भित्रा ससा. ही भूमिका इतकी फिट बसली की पाच वर्षांनी ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’त त्यानं पुन्हा उतरणीला लागलेला गायकच केला आणि बाफ्टा मारलं. मला विचाराल तर हा रे जास्त गोड. तिथे तो नुसता वात्रट आहे, इथे त्याची दयाही येते.

प्रेमकथा? आहे ना. टोनीचा जीव कॅरनवर. ती पूर्वी बँडचं सगळं बघायची, आताही तीच मोट बांधते. पण तिच्या मनात अजून जुना गिटारवाला ब्रायन, आणि तो तर गेला असं सगळे धरून चाललेत. गेलेल्या माणसाशी टक्कर द्यायची म्हणजे टोनी हरणारच की! तरी हे प्रकरण मला जरा फिकंच वाटलं. त्यापेक्षा रेची ती स्वीडिश बायको बघा, अ‍ॅस्ट्रिड. बँडमधल्या एकालाही ती नको आहे. पण त्या माणसाला दारूपासून लांब ठेवणं, स्टेजवर जाण्याआधी धीर देणं, सगळं तीच करते. मी ह्यांना म्हटलं, खरी प्रेमकथा ही आहे. हे म्हणाले, ‘हूं.’ तेवढंच.

आणि गाणी काय झालीत! एक तर ‘फॉरिनर’ बँडच्या मिक जोन्सच्या हातचं, बासवाला झालेल्या जिमी नेलनं स्वतः म्हटलंय. नट तर आहेच, पण गायकही आहे तो. गोल्डन ग्लोबला नामांकन होतं त्या गाण्याला. कुठे येतं ते सांगत नाही, सगळी मजा जाईल.

शनिवारी पुन्हा लावणार आहोत. भावजींनाही आणा. फक्त त्यांना म्हणावं, गिटार घरीच ठेवा; कॉलनीच्या गणपतीत वाजवली तेवढी पुरे.