बारा व्होल्टची शुक्रवार पेठ

प्रवासवर्णनाला गाडी चालू असावी लागते, हा गैरसमज आहे. समजा, मे महिन्याच्या दुपारी पुण्याहून भिगवण, टेंभुर्णी, मोहोळ असं अडीचशे किलोमीटर अंतर तोडून आलेली एक जुनी प्रीमियर पद्मिनी सोलापुरात शिरते आणि शुक्रवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी गपकन बंद पडते. माणसांचा प्रवास इथे थांबतो आणि करंटचा पाहण्याजोगा होतो. पद्मिनीनं या गावात रुसणं तसं नात्याला धरूनच आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. कंपनी १९४४ची, ते स्वतः १९५३मध्ये गेले आणि फियाट ११००ला पद्मिनी हे नाव मिळालं सत्तरच्या दशकात. म्हणजे आजोबांनी तोंड न पाहिलेली नात त्यांच्या गावी आली आहे आणि वेशीतच अडून बसली आहे. जिचं नाव हिला दिलं त्या चितोडच्या राणीचं दर्शन म्हणे आरशातूनच झालं होतं. हिच्या बिघाडाचंही तेच. मेकॅनिक पोचेपर्यंत तो अंतःपुरात निघून गेलेला असतो.

म्हणूनच माझं म्हणणं असं आहे, की मधूनच येणारा बिघाड शोधायचा असेल तर बंद पडलेली गाडी लगेच चालू करू नये. हे ऐकून शुक्रवार पेठ हसेल. तिथे बॉनेट वर गेलं की मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत निदान सुरू होतं. एकजण ‘काय झालं बे?’ म्हणत बॅटरीची टर्मिनल हलवतो, दुसरा डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढून फुंकर मारतो, तिसरा पाणी आणतो आणि उरलेले धक्क्याला लागतात. पाचव्या मिनिटाला गाडी चालू होते आणि सगळेच आपापल्या उपायाचं श्रेय घेऊन जेवायला जातात. यात उपकार आहेत, पण पुरावा शिल्लक नाही. सैल टर्मिनल हललं, ओला डेल्को सुकला, तापलेली कॉइल निवली, की नुसता वेळ गेला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सांगेल ती फक्त गाडीच, तेही परतीच्या वाटेवर, रात्री, मोहोळच्या अलीकडे.

खरं तर करंटचा रस्ता पेठेतल्या बोळांपेक्षा सोपा आहे. बॅटरीतून बारा व्होल्ट निघतात, किल्लीच्या स्विचमधून कॉइलकडे आणि तिथून डेल्कोतल्या पॉइंटकडे जातात. पॉइंट मिटले की कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं, उघडले की ते कोसळतं आणि हजारो व्होल्टची ठिणगी प्लगकडे धावते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं, आणि पॉइंटमधली फट असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. अशा कारभारात एखादी ठिणगी चुकली तर नवल नाही, बाकीच्या पडतात हे नवल. या वाटेवर टेस्ट लॅम्प घेऊन निघावं. दिव्याचं एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या येणाऱ्या टोकाला, किल्ली चालू. दिवा लागला नाही तर चोर स्विच किंवा वायर यांच्या घरी. लागला तर दुसरं टोक डेल्कोकडे जाणाऱ्या बाजूला लावून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला तर पॉइंट काम करताहेत. संशय कंडेन्सरवर, कॉइलवर आणि पुढच्या जाड वायरीवर. सतत जळत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा त्यांची छोटी वायर वरून शाबूत आणि आतून तुटलेली आहे. पेटलाच नाही, तर पॉइंट चिकटलेत, कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे किंवा कॉइलच तुटली आहे. पण हे सगळं कधी? गाडी बंद असतानाच. चालू गाडीत हा दिवा फक्त इतकंच सांगतो की गाडी चालू आहे.

यावर जाणकार म्हणतील, अहो, सोलापूरचा उन्हाळा आहे, पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल, उगाच वायरमनला कशाला त्रास? शंका रास्त आहे. पण पेट्रोल कमी पडलेली गाडी आधी कुरकुरते, आचके देते, मग बसते. करंट गेलेली गाडी बहुधा दिवा मालवावा तशी एकदम गप्प होते. तरी घोटाळा उरतोच, कारण तापलेल्या कॉइलमधला सांधा आणि पंपातली वाफ दोन्ही अर्ध्या तासात शहाणे होतात. म्हणून थंड करायला ओलं फडकं दोन्हीवर एकदम टाकू नये. आधी फक्त पंपावर टाकावं आणि बघावं. नाही जमलं तरच कॉइलकडे वळावं.

दुसरा आक्षेप पैसेवाल्यांचा: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, सगळं नवं टाका. टाका की! पण नवा माल म्हणजे चांगला माल नव्हे, आणि बदलताना जुनी सैल वायर आपोआप घट्ट बसली तर बरं वाटल्याचं श्रेय भलत्यालाच मिळतं. पॉइंटच काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं, असंही सुचवतात. पॉइंटची कटकट त्यानं जाते, हे मान्य. स्विच, वायर आणि अर्थिंग मात्र जुनंच राहतं.

उरला आक्षेप रहदारीचा, तो निर्विवाद खरा. बोळात गाडी सोडून तपास करता येत नाही. तर ढकलावी, पण किल्ली बंद करून, गियर काढून, फक्त कडेपर्यंत. बॉनेट मिटलेलंच ठेवावं, म्हणजे ऊब टिकते आणि तिच्यामुळे आलेला बिघाडही. किल्ली चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले तर निरोगी कॉइलही भाजून निघते.

आणि करंट जातो तसा त्याला परतही यायचं असतं, हे प्रवाशाइतकंच मेकॅनिकही विसरतात. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी खराब असेल, तर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मुख्य रस्ता बंद झाल्यावर रिक्षा जशा गल्लीबोळांतून घुसतात, तसा सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलमधून परततो. सेल्फ कण्हतो, केबल हाताला चटका देते आणि धक्क्यावर मात्र गाडी चालू होते, कारण तेव्हा सेल्फला करंट लागतच नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाल्यापासून उरलेल्या पद्मिनींना हौशी मालकांनी दागिन्यांसारखं जपलं आहे. पण अशा जपलेल्या गाडीची अर्थिंगची पट्टी सोडून पाहावी, तर ती घट्ट असते, स्वच्छ असते आणि बसवलेली असते थेट नव्याकोऱ्या, तीन हात दिलेल्या रंगावर.