वन्समोअर आणि शेवटची गाडी

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे आणि माझं सर्वांत आवडतं नाटक आहे ‘संगीत एकच प्याला’. यात काही विसंगती आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट दारूचे दुष्परिणाम अधिकृतपणे पाहायची आमची तेवढीच एक सोय. नाटकातल्या दारुड्या नायकासारखे अनधिकृत सुधाकर गल्लोगल्ली भेटतात, पण त्यांच्या घरी बालगंधर्व नसतात.

ते लिहिणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांवर आमचा थोडा हक्कही लागतो. २३ जानेवारी १९१९ रोजी ते गेले ते सावनेरला. म्हणजे नागपूर जिल्ह्यात, म्हणजे शेजारीच. नाटक रंगमंचावर आलं त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, बडोद्यात. पदं गडकऱ्यांच्या हातून व्हायची राहिली, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व त्याची बायको सिंधू. ज्या नटाचे शालू बघायला बायका नाटकाला जात, तो ठिगळाचं लुगडं नेसून जात्यापाशी बसला आणि प्रेक्षकांनी रुमाल भिजवले. हे सगळं अर्थात ऐकीव. मी जे प्रयोग पाहिले ते पुढच्या पिढ्यांचे, आणि तेही पुरते नव्हेत. सांगायची गोष्ट खरं तर हीच आहे: मी ‘एकच प्याला’ पाहिला, पण सुधाकर मरताना पाहिला नाही. माझ्या लेखी तो कित्येक वर्षं हयात होता.

कारण शेवटची गाडी.

संगीत नाटकाच्या मोठ्या कंपन्या नागपूरपर्यंत यायच्या. तिथून वर्धा पाऊणशे किलोमीटर. धनवटे रंगमंदिरात तिसरी घंटा वेळेवर झाली, नांदी आटोपशीर झाली आणि नटांनी फार गळा काढला नाही, तर चौथ्या अंकानंतर सायकलरिक्षा करून गणेशपेठेच्या स्टँडवर शेवटची बस मिळायची. चौथा अंक लागला की माझं लक्ष रंगमंचावर कमी आणि मनगटावर जास्त. पाचव्या अंकाशी माझा परिचय केवळ पुस्तकातून.

त्या गाडीवर एक कंडक्टर नेहमीचे असत. त्यांनी स्वतः कधी नाटक पाहिलं नव्हतं, पण कथानकात त्यांचा जीव गुंतला होता. तिकीट फाडता फाडता विचारत,

“काय जी भाऊ, मेला का तो बेवडा?”

“नाही जी. तुमची गाडी सुटल्यावर मरते तो.”

“मंग पुढच्या खेपेले इचारून ठेवजा बरं. घरी बायको इचारते मले.”

केळझर येईपर्यंत मी एखादं पद गुणगुणत असे. सेलूला मागच्या सीटवरचा माणूस उठून पुढं जाऊन बसे. पवनारला धाम नदीचा पूल लागला की कंडक्टर म्हणत, “आता पुरे करा जी, विनोबाजींचा आश्रम आहे.” जुन्या काळी संगीत नाटकं रात्री सुरू होऊन उजाडायच्या बेताला संपत. म्हणजे इकडं भैरवी संपावी आणि सेवाग्रामला पहाटेची प्रार्थना सुरू व्हावी, असा तो हिशेब. ही वेळ साधून कुणी मधल्या काळात नागपूर-सेवाग्राम गाडी सुरू केली असती, तर रंगभूमी आणि आत्मशुद्धी दोन्ही एका तिकिटात झाली असती.

तेव्हा ध्यानात घ्या, माझा शत्रू कोण होता. बेसूर नट नव्हे, बिघडलेला माइक नव्हे. वन्समोअर! सबंध प्रेक्षागृहात गाण्यावर जीव टाकणारा आणि तरीही ते पुन्हा होऊ नये म्हणून देवाला विनवणारा मी एकटा. एक वन्समोअर म्हणजे सात-आठ मिनिटं गेली. दोन म्हणजे सायकलरिक्षावाल्याला जादा पैसे. तीन झाले की स्टँडवरच्या बाकड्यावर मुक्काम. टाळी वाजवायला माझे हात शिवशिवत, पण मी ते मांड्यांखाली दाबून बसे. शेजारच्यांना वाटे, या गृहस्थांना थंडी वाजतेय.

तिसऱ्या रांगेत हमखास एक जाडजूड आवाजाचा इसम असायचा. सिंधूचा पोर आजारी, घरात दाणा नाही, बाई जात्याशी बसून आसवं गाळतेय, आणि हा ओरडणार, “वन्समोअर!” म्हणजे त्या माउलीनं पुन्हा पहिल्यापासून हाल काढावेत! बरं, ती काढायचीही. पेटीवाल्यानं सूर धरला की डोळे पुसून पुन्हा उभी.

अर्धवट नाटक पाहण्याचे काही फायदे मात्र आहेत. ‘सौभद्र’चं काही बिघडत नाही, सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे १८८२ पासून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, कृष्णावर विश्वास ठेवून खुशाल उठावं. ‘शारदा’ही चालते. पण ‘संशयकल्लोळ’ अर्ध्यात सोडून येऊन पाहा! देवलांनी मोलिएरच्या प्रहसनावरून इतकी सुरेख गुंतागुंत केली, फाल्गुनरावाचा कृत्तिकेवर संशय, अश्विनशेटचा रेवतीवर. निरसन शेवटी. ते मी पाहिलंच नाही. संशय तेवढा घेऊन घरी आलो आणि बायकोनं “इतका उशीर?” म्हणून दुसरा अंक सुरू केला.

ही आमची सौभाग्यवती सांगलीची. तिच्या माहेरी प्रत्येकानं प्रत्येक नाटकाचा शेवटचा अंक पाहिलेला. माझे मेहुणे जेवायला बसले की पाटावरून विष्णुदास भाव्यांचं १८४३ सालचं ‘सीतास्वयंवर’ काढत, मग देवल काढत, आणि वरणभात संपेपर्यंत सबंध मराठी रंगभूमी कृष्णाकाठी नेऊन बसवत. वर कीव करून विचारत, “तुमच्याकडं काय हो मग, कापूसच नुसता?”

मी उत्तर द्यायला ताकाची वाटी येईपर्यंत थांबत असे. म्हटलं, ‘कट्यार काळजात घुसली’ कुणाची? लिहिली नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी. खाँसाहेब आफताब हुसेन गायले वसंतराव देशपांडे; जन्म मूर्तिजापूरचा, गाण्याचे पहिले धडे नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, तेवढं गोव्याला सोडतो. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’, ‘स्वरसम्राज्ञी’ लिहिणारे विद्याधर गोखले जन्मले अमरावतीला. संगीत नाटक संपलं म्हणून लोक हात झटकून बसले होते तेव्हा साठच्या दशकात त्याला उठवून बसवणाऱ्यांत आमचे वऱ्हाडी-नागपुरी लोक पुढं होते. कापूसही आमचाच, तुमच्या नटांचे शेले विणायला! मेहुणे म्हणाले, “ताक छान झालंय.” मी तो विजय समजलो.

‘कट्यार’ आली १९६७ साली. त्याच वर्षी जुलैत बालगंधर्व गेले आणि डिसेंबरात हे नाटक उभं राहिलं. वसंतरावांनी आयुष्याचा मोठा काळ लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली होती. दिवसभर पैन् पैचा मेळ घालणारा माणूस रात्री तान घ्यायला लागला की कुठल्या रकान्यात काय पडेल याचा पत्ता नसे, आणि समेवर मात्र ताळा बरोब्बर. मला गवई नट पुष्कळ आवडतात. ‘मंदारमाले’तले राम मराठे आवडतात, ‘कट्यारी’तला प्रसाद सावकारांचा सदाशिव आवडतो, फैयाजबाईंची झरीना तर फारच. कीर्ती शिलेदारांचं गाणं ऐकताना घड्याळाकडं पाहायचं विसरलो आहे, याहून मोठी पावती माझ्याकडं नाही. पण पहिला पाट वसंतरावांना. त्यांच्यासाठी मी एकदा गाडी सोडलीसुद्धा असती. नाटकातल्या त्या कट्यारीला एक खून माफ असतो. तशी एखादी मला राजदरबारातून मिळाली असती तर तिसऱ्या रांगेतल्या त्या इसमाचं काय झालं असतं ते सांगत नाही. एरवी मी पाहिलेल्या ‘कट्यारी’त सदाशिव चोरून गाणं शिकतो आहे आणि खाँसाहेब संतापलेले आहेत, पुढचं प्रकरण न्यायप्रविष्ट.

मेहुण्यांना मी आणखी एक हिशेब ऐकवला होता. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन हाडवैरी कंपन्या एका रंगमंचावर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, म्हणून तो योग अधिकच अपूर्व. आता पाहा, त्या काळात काँग्रेसचे खजिनदार कोण? आमचे जमनालाल बजाज. म्हणजे धैर्यधर आणि भामिनी यांनी गळा फोडून जमवलेले पैसे अखेर कुणाच्या देखरेखीखाली गेले? वर्ध्याच्या! नट कोल्हापूरचा असो की आणखी कुठला, गल्ल्यावर आमचा माणूस बसला होता. या युक्तिवादावर मेहुणे बराच वेळ गप्प होते. सांगलीला परत जाताना त्यांनी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे दोन डबे मात्र न विसरता नेले.

आता सोयी झाल्या. नागपुरात वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं वातानुकूलित सभागृह आहे, समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, मुलगा गाडी चालवतो आणि मध्यंतरात “बाबा, आज शेवटपर्यंत बसू” म्हणतो. गेल्या काही वर्षांत मी सुधाकरचा मृत्यू पाहिला, खाँसाहेबांचं मन वळलेलं पाहिलं, फाल्गुनरावाचा संशय फिटलेला पाहिला. खरं सांगू? संशय फिटल्यावर फाल्गुनराव फारच सामान्य माणूस दिसतो. आणि अडचण ही, की गाडी दारात उभी असते तेव्हा नाटकच नसतं. आलं तर अडीच तासांत गुंडाळलेलं, निम्मी पदं कापलेली. आणि गंमत म्हणजे वन्समोअर द्यायला आता कुणी उठत नाही. मी देतो. एकटाच. शेजारचे मोबाइलमधून वर पाहतात.

म्हणून पुण्या-मुंबईच्या, सांगलीच्या, गोव्याच्या सगळ्या मंडळ्यांना जाहीर विनंती आहे. नागपूरला येता तसे पाऊणशे किलोमीटर आणखी या. हिंगणघाटला या, आर्वीला या, पुलगावला या. २०२३ चं साहित्य संमेलन आम्ही वर्ध्यात नेटानं पार पाडलं आहे. एक ऑर्गन आणि एक तबलजी ही काही मोठी गोष्ट नाही. पडदा संध्याकाळी पाचला उघडा, एकही पद कापू नका, पाचही अंक करा. भैरवी संपल्याशिवाय इथून कुणी उठणार नाही. एखादा उठलाच तर तो नागपूरचा समजा. त्याला शेवटची गाडी पकडायची असेल.