सेन्सरला खानदेशचं ऊन दाखवा

शालेय विज्ञान प्रदर्शनं हिवाळ्यात भरवणाऱ्यांनी सेन्सरवर फार मोठे उपकार केले आहेत. त्या दिवसांत जळगाव-धुळ्याची हवा गुलाबी असते, शेतात भरिताच्या पार्ट्या रंगतात आणि टेबलावरचा मोशन सेन्सर पाहुण्यांनी हात हलवला की इमानेइतबारे दिवा लावतो. परीक्षक खूश, मुख्याध्यापक खूश. माझं म्हणणं एवढंच, की हेच प्रदर्शन एप्रिलात भरवावं, तेही भर दुपारी.

कारण शंभरेक रुपयांना मिळणारा तो पांढऱ्या घुमटाचा पीआयआर सेन्सर खरं तर हालचाल बघतच नाही. तो उष्णता बघतो. घुमटावरची छोटी छोटी भिंगं खोलीच्या फाका करतात आणि आत दोन पट्ट्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. माणूस एका फाकेतून दुसरीत सरकला, की त्याच्या अंगाची उष्णता एकीवर आधी पडते, दुसरीवर नंतर, आणि त्या फरकावर आर्डुइनोला, म्हणजे दिवा लावणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला, निरोप जातो. म्हणजे निमूट बसून गणित सोडवणारा पोरगा त्याच्या लेखी गैरहजर, आणि मागच्या बाकावरचा चुळबुळ्या शंभर टक्के हजर. (ही हजेरी कुणाकुणाला मनापासून आवडेल, ते सांगायला नको.) आता हिशेब बघा. माणसाची त्वचा साधारण 34 अंशांची. हिवाळ्यात भिंत 22-23 वर, त्यामुळे फरक ढळढळीत. एप्रिलात पत्र्याखालचा वर्ग त्वचेइतकाच तापला, की गुरुजी कुठले आणि भिंत कुठली हे सेन्सरला कळेनासं होतं. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. भिंत 42 वर गेली की त्याला पुन्हा दिसायला लागतं, कारण आता खोलीतली सगळ्यात गार वस्तू म्हणजे माणूस! हा धडा पुण्या-मुंबईच्या शाळांना इतक्या स्वस्तात मिळायचा नाही.

यावर कुणी म्हणेल, मग दुसरा सेन्सर घ्या. जरूर घ्या. अल्ट्रासॉनिक घेतलात तर तो आवाजाच्या वेगावर अंतर मोजतो, आणि हा वेग 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर असतो, तर 45 अंशांना सुमारे 358. प्रोग्रॅममध्ये 343 हाच आकडा ठेवला, तर मीटरभर अंतर 96 सेंटिमीटर भरतं. रडारवाला सेन्सर उन्हाला भीक घालत नाही. पण पातळ पार्टिशनपलीकडच्या वर्गातल्या दंग्याची खबरही तोच देतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बंद पडणाऱ्या प्रयोगाला बक्षीस कोण देणार? अहो, पण 2016 साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला पाच वर्षांत 20 लाखांपर्यंत अनुदान आहे. ते काय फक्त तीन वायरी जोडून तयार प्रोग्रॅम चिकटवायला? तेवढं काम तर पोरं मधल्या सुट्टीत उरकतात. सेन्सर कुठल्या तापमानाला आंधळा झाला, याचा तक्ता मात्र कुठूनही उतरवून घेता येत नाही. तो वर्गात थर्मामीटर टांगून, दर अर्ध्या तासाला समोरून चालत जाऊनच भरावा लागतो.

एप्रिलात शाळा सकाळची असते, ही अडचण खरी. पण सकाळी सातला चालणारा आणि बाराला रुसणारा सेन्सर मुलांना एकाच दिवसात बघायला मिळेल, म्हणून त्या दिवसापुरती शाळा थोडी लांबवा. परीक्षकांनी रुमाल आणि पाण्याची बाटली आपापली आणावी.