पावसाची खातेनिहाय चौकशी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतीचे जे काही वाटोळे चालले आहे, त्यात नियोजनाचा काडीमात्र दोष नाही. नियोजन चोख आहे. दोष पावसाचा आहे. तो परिपत्रके वाचत नाही.

2025 चेच बघा. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत आंब्याला अवेळी पावसापासून 15 मेपर्यंत संरक्षण. म्हणजे त्या रात्री बारापर्यंत पडतो तो अवेळी पाऊस, बारानंतर पडतो तो नुसता पाऊस. तारीख स्वच्छ, छापील. तरी हा गृहस्थ 20 मेच्या आसपास कोकणात घुसला आणि 25 मेला तर रीतसर मोसमी वारे होऊन देवगडात हजर! मृगाला अजून पंधरवडा होता. शेवटच्या तोडणीचा आंबा झाडावर भिजला. विम्याच्या लेखी मात्र हंगाम सुरळीत पार पडला होता.

विमा ज्यांच्या नोंदींवर ठरतो, त्या हवामान केंद्रांनाही नावे ठेवू नका. एका महसूल मंडळाला एक केंद्र, ही काय कमी सोय आहे? आता आमच्याकडे एकाच मंडळात खाडी, सडा आणि डोंगराची कूस अशी तिन्ही प्रकारची हवा नांदते, त्याला शासन काय करणार? कातळावरची कैरी उन्हाने भाजली आणि खाली बंदराजवळच्या यंत्राला ते कळले नाही, तर चूक कैरीची. भाजून घ्यायचे होते तर केंद्राशेजारी जाऊन भाजायचे.

कलमेही शेफारली आहेत. एकदा मोहोर आला, फळ वाटाण्याएवढे झाले, की गप्प बसावे ना! तर थंडी लांबली म्हणून पुन्हा मोहोर काढतात आणि आधीची फळे गाळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर जिब्रेलिक ॲसिडची फवारणी सांगितली आहे. झाडांना शिस्त लावता येते ती अशी. पावसावर मारायचे औषध तेवढे निघायचे आहे.

राज्याला हवामानबदलाची काळजी नाही असे कोण म्हणतो? जागतिक बँकेच्या पैशातून 2018 मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. मराठवाडा होता, विदर्भ होता, जळगाव होते. कोकण नव्हते. रास्तच आहे. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, तिथले हवामान बदलून बदलून बदलणार तरी किती? मग 2020 च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ दापोली-मंडणगडातली कलमे मुळासकट उपटून गेले, पुढच्या मेमध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याकिनाऱ्याने गेले आणि त्याच वर्षी जुलैत चिपळूण बुडाले. पण ती सगळी ‘आपत्ती व्यवस्थापना’ची फाईल. शेतीचे टेबल वेगळे.

राहता राहिली अन्नसुरक्षा. हापूस कितीही गुणी असला तरी दोन वेळचे जेवण तो नव्हे, एवढी बारीकशी अडचण आहे. 1990 मध्ये फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळाले आणि वरकस जमिनीवर आंबा-काजू चढला. चांगलेच झाले, बागायतदाराच्या हाती पैसा आला. त्या जमिनीवरची नाचणी आणि वरी मात्र उतरली ती पुन्हा चढलीच नाही. 2023 हे जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा नाचणीची बिस्किटे बैठकीत आली, डोंगरउतारावर नाही. शिरगावच्या संशोधन केंद्राने भाताची एकाहून एक बियाणी दिली, पण खाचरे पड, घरधनी मुंबईत आणि जे कोणी नांगर धरतात त्यांचे पीक रानडुकरांच्या स्वाधीन. त्यात 2025 च्या मेमध्ये रोहिणीच्या धूळवाफेला धूळच उरली नाही, सगळा चिखल. तरी जेवायची चिंता नको. रेशनचा तांदूळ ट्रकने येतो. घाटात दरड कोसळेपर्यंत आपली अन्नसुरक्षा अभेद्य आहे.

तेव्हा साहेबांना एक विनंती. पुढची खरीप आढावा बैठक सभागृहात नको, 25 मे रोजी एखाद्या भाताच्या खाचरात घ्या. छत्र्या आणू नका. आणि विम्याची शेवटची तारीख तिथेच, उभ्या उभ्या ठरवा.