भाकरीवर चादर

प्रत्येक घराच्या फ्रीजमध्ये एक वाटी असते. तिच्यावर बशी झाकलेली असते आणि बशीवर आणखी एक वाटी. आत काय आहे ते स्वयंपाक करणारीला माहीत असतं. बाकीच्यांना माहीत करून घ्यायचं नसतं. बटाट्याच्या सुक्या भाजीच्या चार फोडी, अर्धी ढोबळी मिरची, भेळेसाठी चिरून उरलेला कांदा, मूठभर मक्याचे दाणे. एवढ्यात एका माणसाचं जेवण होत नाही आणि टाकून द्यायला हात धजत नाही. मग ती वाटी वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात, तिथून मागच्या कोपऱ्यात सरकत राहते. पिझ्झ्याचा उगम या वाटीत आहे, असं माझं ठाम मत आहे. मैदा, यीस्ट, भट्टी ही सगळी नंतरची सजावट.

इटलीतल्या लोकांना हे पटायचं नाही. नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. तिथली लाकडाची भट्टी चारशे अंशांच्या वर तापते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. हे सगळं खरंच. पण दीड-दोनशे वर्षांपूर्वी नेपल्समध्ये पिझ्झा खायचे ते हमाल, कोळी, रस्त्यावर राहणारे लोक. ‘थ्री मस्केटिअर्स’ लिहिणारा अलेक्झांडर द्युमा तिथं जाऊन आला आणि १८४३ साली त्यानं प्रवासवर्णन छापलं. त्यात तो म्हणतो, पिझ्झ्यावरून बाजारभाव कळतो: मासळी स्वस्त झाली की मासळीचा पिझ्झा स्वस्त, तेल महागलं की तेलाचा महाग. म्हणजे बाजारात जे उतू चाललंय ते पावावर. आणखी एक गोष्ट त्यानं लिहून ठेवली आहे. नेपल्समध्ये म्हणे आठ दिवसांचा शिळा पिझ्झाही मिळतो, त्याचं वेगळं नाव आहे. नंतरच्या जाणकारांनी ते दुरुस्त केलं. तो पिझ्झा आठ दिवसांचा नव्हता, उधारी आठ दिवसांची होती. आज खा, आठवड्यानं पैसे द्या.

हे वाचलं तेव्हा मला नेपल्स एकदम जवळचं गाव वाटलं. आमचं सोलापूर हे गिरण्यांचं गाव. भोंग्यावर उठणारं, पाळीवर जाणारं, आणि खानावळीच्या वहीत नाव असलेलं. भोंगे बंद होऊन जमाना झाला. पण पोट भरण्याचा आणि पैसे देण्याचा दिवस एकच असतो असं मानायची सवय या गावाला कधी नव्हती. पिझ्झा इथं उपरा वाटायचं काही कारण नाही. भारतात मोठ्या कंपन्यांनी १९९६ साली पिझ्झ्याची दुकानं उघडली, ती हिंडत हिंडत आमच्याकडेही पोचली. पण ती आली म्हणून आम्हाला भाकरीवर काहीतरी ठेवून खाता येऊ लागलं, असं नाही.

शेतात जेवायला बसलेल्या माणसाकडे पाहा. ताट नसतं. डाव्या तळहातावर ज्वारीची भाकरी, तिच्यावर झुणका, झुणक्याच्या शेजारी ठेचा, कडेला फोडलेला कांदा. उजव्या हातानं कडेकडेनं तोडत तो आत येतो आणि शेवटी ताटच खाऊन टाकतो. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात असाच प्रसंग आहे. ट्रॉयहून परागंदा झालेले लोक इटलीच्या किनाऱ्यावर उतरतात, चपट्या भाकऱ्यांवर फळंबिळं ठेवून खातात, भूक भागत नाही म्हणून खालच्या भाकऱ्याही खातात. तेव्हा नायकाचा पोरगा गमतीनं म्हणतो, आपण तर टेबलंच खाल्ली की! आणि त्या थट्टेवरून बापाला कळतं की जिथं पोचायचं होतं ती भूमी हीच. आमच्याकडे मंगळवेढ्याच्या रानात रोज दुपारी टेबलं खाल्ली जातात. महाकाव्य लिहायला कुणाला सवड नसते. त्या तालुक्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून देणारे दामाजीपंत त्याच गावचे, तेव्हा धान्याच्या बाबतीत त्या मातीचा शब्द मी शेवटचा मानते.

पण सोलापूरचा खरा पराक्रम पुढचा आहे. शिळी भाकरी सगळ्या महाराष्ट्रात खातात. दह्यात कुस्करतात, फोडणीला टाकतात, ताकात कालवतात. खातात आणि पाहुणा आला की झाकून ठेवतात. सोलापूरनं ती झाकली नाही. पातळ थापली, खरपूस भाजली, मुद्दाम वाळवून पापडासारखी कडक केली, पुड्यात भरली आणि शेंगा चटणीची पिशवी जोडून विकायला ठेवली. आज कितीतरी बायकांचं घर या कडक भाकरीवर चालतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे गाडीत बसायच्या आधी तिचे गठ्ठे घेतात, आणि भाकरी तुटू नये म्हणून मांडीवर घेऊन जातात. सीमेपलीकडे विजापूर-कलबुर्गीकडेही हीच भाकरी, नाव कानडी. हवा कोरडी असल्यानं इथं ती महिनोन्महिने टिकते. मुंबईला नेली की दोन दिवसांत सादळते. त्याला भाकरीचा इलाज नाही. ज्या गावानं शिळेपणालाच मालाचा दर्जा दिला, त्या गावाला उरल्यासुरल्याचा पिझ्झा कुणी शिकवायला नको.

आमच्या घरात तो संक्रांतीच्या दिवसांत होतो. गड्ड्याची यात्रा असते. भोगीच्या दिवशी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या अक्षता पडतात, नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर असतात आणि घरात पाहुणे. भोगीची भाजी थोडी करता येत नाही. गाजर, वांगी, पावटा, ओला हरभरा, बोरं, वर शेंगदाण्याचं आणि तिळाचं कूट. प्रत्येकातलं मूठभर म्हटलं तरी पातेलं भरतं. ते एका दिवसात संपलंय असं मी पाहिलेलं नाही. आणि नेमकी तेव्हाच पुण्याहून लेक येते, रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं.

“आई, जेवायला काय आहे?”

“भोगीची भाजी.”

“आणि उद्या?”

“उद्याही भोगीचीच.”

ती काही बोलत नाही. फोन काढते आणि घरपोच काय मिळतं ते बघू लागते. अशा वेळी आई काय करणार? सकाळी ती उठायच्या आत मी कामाला लागते.

कडक भाकरीला एक अडचण असते: ती फार कडक असते. तशीच वर भाजी घातली आणि सुरी लावली की काचेसारखे तुकडे होतात. म्हणून तिला आधी थोडं पाजायला लागतं. दोन टोमॅटो किसून, लसणाबरोबर तेलावर परतून घट्ट करायचे आणि त्यात शेंगा चटणी. आमची चटणी म्हणजे दाण्याचं कूट नव्हे. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ उखळात इतकं कुटायचं की दाण्याला तेल सुटून चटणीचा गोळा वळला पाहिजे. ते तेल या टोमॅटोत उतरलं की बाटलीतल्या पिझ्झा सॉसचं नाव काढायला नको. हे मिश्रण भाकरीवर मधोमध पसरायचं, कडा कोरड्या ठेवायच्या, पाच मिनिटं थांबायचं. कडक भाकरी भाजताना कडेनं जरा वर उचललेली असते, त्यामुळे वरचं ओघळत नाही. नेपल्सवाले पीठ बोटांनी दाबून ज्या काठासाठी एवढा खटाटोप करतात, तो आम्हाला आयता मिळतो.

मग भाजी. रस आटवून, आणि बोरं वेचून. हे फार महत्त्वाचं. चीजखाली लपलेली बोराची बी दाताखाली आली तर यात्रा संपायच्या आत दाताचा डॉक्टर शोधावा लागतो. वर चीज किसायचं. साधं डब्यातलं चीज गुळगुळीत वितळतं, पण तार धरत नाही, कारण त्यात घातलेले क्षार दुधातल्या प्रथिनांची जाळी मोडतात. तार हवी असेल तर मोझरेला. मी दोन्ही अर्धं अर्धं घेते आणि हात राखून घेते. चीज फार झालं की सगळ्याच पिझ्झ्यांची चव सारखी लागते आणि खालच्या वांग्याचा अपमान होतो. पण पहिला थर पूर्ण झाकेल इतकं मात्र हवंच. सोलापुरी चादरीचं काम तेच: पांघरली की खाली गादी कशी आहे ते कुणी विचारत नाही.

तवा मंद आचेवर. झाकण ठेवायचं, पण चीज वितळेपर्यंतच. झाकणाखालची वाफ भाकरीचा कडकपणा घालवते, तेव्हा झाकण काढून आणखी दोन मिनिटं तवा तसाच राहू द्यायचा. तळ पुन्हा खणखणीत होतो. ओव्हन असला तर उत्तम, नसला तर तव्यानं कुणाचं काही बिघडत नाही. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं. भाकरीचं पीठ एकत्र राहतं ते गरम पाण्यात मळल्यामुळे आणि थापणारीच्या तळहातामुळे. म्हणून या पिझ्झ्याचा घास ओढत खायला मिळत नाही, मोडत खायला मिळतो. मला तो जास्त आवडतो.

कडक भाकरी नसेल तर रात्रीची चपाती घ्यावी, पण दोन्ही बाजूंनी कोरडी भाजून, नाहीतर टोमॅटोखाली तिचा लगदा होतो. पाव उरला असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवू नये. थंडाव्यात पिठातला स्टार्च पुन्हा लवकर घट्ट बसतो, आणि बाहेर राहिलेल्या पावापेक्षा फ्रीजमधला पाव आधी शिळा होतो. तवा लागला की तो तात्पुरता मऊ पडतो, तेवढ्यात खाऊन घ्यावा. शेजारच्या अक्का तेलुगू; त्यांच्याकडे सकाळच्या दोशाचं पीठ उरलं की त्या जाड उत्तप्पा टाकून वर हेच सगळं घालतात. आंबलेलं पीठ आयतं, यीस्टची गरज नाही. मे महिन्यात तर आमच्या गावात यीस्टचं पीठ भिजवून कपडे वाळत घालून येईपर्यंत ते पातेल्याबाहेर आलेलं असतं. काही गोष्टी मात्र पिझ्झ्यावर घालू नयेत असं माझं मत आहे: आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा, कालचं श्रीखंड, आणि कुणी कितीही सांगितलं तरी केचप. शिवाय वास आलेलं काहीही. चीज कितीही पांघरलं तरी आंबलेली भाजी बोलायची राहत नाही.

तर त्या सकाळी लेक उठली, आली, बघितलं. “हे काय नवीन?” म्हणाली. एक तुकडा खाल्ला, मग फोटो काढला, मग मैत्रिणींना काहीतरी पाठवलं, मग दुसरा खाल्ला. आदल्या रात्री जिचं तोंड बघवत नव्हतं तीच भाजी. वांगं ओळखलं तेव्हा चौथा तुकडा चालू होता आणि माघार घ्यायला उशीर झाला होता.

या सगळ्यात आमच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात, खुर्चीत बसून बघत असतात. १९७२च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडलेली आहे. कामावर मिळालेली सुकडी आणि रेशनची परदेशी मिलो ज्वारी खाल्लेली आहे. त्या ज्वारीची भाकरी नीट थापता यायची नाही, हे त्या अजून रागानं सांगतात, जणू अमेरिकेनं मुद्दाम केलं. अन्न टाकायचं नाही हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि त्या कुणाला शिकवतही नाहीत. वाटी हातात घेऊन एकदा वास घेतात, आणि तिचं काय करायचं ते ठरलेलं असतं. पिझ्झ्याबद्दल त्यांची तक्रार एकच.

“भाजीभाकरीच ना ही?”

“हो अव्वा.”

“मग एवढी भांडी कशाला गं पडली?”

खरं होतं. किसणी, कढई, तवा, झाकण, सुरी, दोन वाट्या, आणि चीजचे ते बुळबुळीत कागद. एका वाटीतली भाजी संपवायला मी अर्धा ओटा भरला होता. लेकीनं एका तुकड्यावर तेल-तीळ टाकून तो अव्वांना दिला. त्यांनी तो मोडला, चीज बोटानं बाजूला केलं, भाजी खाल्ली, भाकरी ताकात टाकली. तिची चव बरी झाली म्हणाल्या, शेंगा चटणी जरा जास्त घाला.

सगळं करूनही दोन पिझ्झे उरलेच. तवा मोठा, उत्साह त्याहून मोठा. दुसऱ्या दिवशी लेक पुण्याला गेली होती आणि मला ते पुन्हा गरम करून खायची इच्छा नव्हती. दुपारी स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज आला. अव्वांनी दोन्ही पिझ्झ्यांचा कुस्करा केला होता, त्याला हिंग, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी घातली होती, वर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं होतं. चीज कढईच्या बुडाला घट्ट चिकटलं होतं.

“ही कढई आता तुझी तू घास,” त्या म्हणाल्या, आणि दोन ताटं मांडली.