मागचं कोण बघतं?

नवी गाडी घेतली की नंजनगूडमध्ये ती आधी श्रीकंठेश्वराच्या दारात जाते. कपिलेच्या काठचं ते सात मजली गोपुर, समोर रांगेनं उभ्या नव्या कोऱ्या गाड्या आणि प्रत्येकीच्या मालकाच्या चेहऱ्यावर हप्ता अजून सुरू न झाल्याचं समाधान. हार हँडलला बांधतात. हळदकुंकू हेडलाइटला लावतात. नारळ पुढं फुटतो, कापूर पुढं ओवाळला जातो, आणि गुरुजी फारच उदार असले तर टाकीवर गंधाचं एक बोट ओढतात. मागच्या दिव्याला कुंकू लावलेलं मी अजून पाहिलेलं नाही. आयुधपूजेला इकडे कोहळ्यात कुंकू भरून तो रस्त्यावर आपटतात, तोही गाडीच्या तोंडासमोरच. वाहनाचं जे काही दैवत असेल ते पुढच्या अंगाला वस्तीला असतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत आहे.

माझ्या भाच्यानं मात्र पूजा मागून मांडली. पाना घेऊन.

हा भाचा कोल्हापूरचा. इथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला आणि आमच्याकडे राहायला आला. पगार सुरू झाल्यावर पहिली खरेदी मोटरसायकलची. ते ओघानंच आलं म्हणा. म्हैसूर-नंजनगूड रस्त्यानं रोज जायचं तर कडकोळ्याजवळ टीव्हीएसचा मोटरसायकलींचा भलामोठा कारखाना वाटेतच लागतो. दुचाक्या भरलेले ट्रक बघत बघत जाणाऱ्या पोराला बसचा पास काढ म्हणून सांगणारा मामा मूर्खच ठरला असता. गाडी आली, देवळात जाऊन आली, आणि पहिल्या रविवारी हा अंगणात तिच्या मागं उकिडवा बसला.

"मामा, जरा मागनं बघा की. कसं लोंबतंय."

मी पाहिलं. सीट जिथं संपतं तिथून काळ्या प्लॅस्टिकचा एक लांबलचक हात खाली उतरला होता. त्याच्या टोकाला नंबर प्लेट, प्लेटवर उजेड पाडणारा चिमुकला दिवा, खाली लाल रिफ्लेक्टर, दोन्हीकडे इंडिकेटरचे कान. डाव्या अंगाला चाकावर जाळीचा साडीगार्ड. वर पकडायला जाडजूड दांडी. पुढची गाडी झेप घेणाऱ्या चित्त्याची आणि मागची वाणसामान आणायला निघालेली, हे खरंच होतं. पुढचा अर्धा भाग काढायला कंपनीनं चित्रकार बसवला असावा आणि मागच्या अर्ध्याला वकील.

वकीलच असतो तिथं. नंबर प्लेटवरची अक्षरं ३५ मिलिमीटर उंच आणि आकडे ४० मिलिमीटर, हे कायद्यानं ठरवलेलं आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती होलोग्रामवाली प्लेट येते आणि तिची कुलपं एकदा बसली की मोडल्याशिवाय निघत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला १२३ वा नियम मला फार आवडतो. दुचाकीवर मागं बसणाऱ्याला धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं असं काहीतरी हवं की बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकू नयेत. नियमात साडीचा उल्लेख नाही. पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण बसलं होतं हे न कळायला आपण काही परदेशी नाही. मागं कुणीतरी बाई एका अंगाला पाय सोडून, मांडीवर पोर आणि हातात पिशवी घेऊन बसलेली असणार हे धरून चालणारा कायदा आहे हा. मोटरसायकलीच्या जाहिरातीत ही बाई कधी दिसत नाही. सरकारला मात्र ती बरोबर दिसली.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पण मामा, माझ्या मागं कोण बसतंय?"

ह्या वयात ह्या प्रश्नाला उत्तर देऊ नये. ते त्याचं त्यालाच शोधायचं असतं.

म्हैसूर भागात राहून मोटरसायकलीच्या मागच्या भागावर बोलायचं आणि जावाचं नाव घ्यायचं नाही, हे पाप आहे. १९६१ पासून आयडियल जावाच्या कारखान्यातून इथं गाड्या निघायला लागल्या. पुढं १९७३ च्या सुमाराला नाव येझदी झालं, १९७८ ला रोडकिंग आली, आणि १९९६ ला कारखान्याला टाळं लागलं. पण म्हैसूरच्या रस्त्यावर दोन सायलेन्सरांचा तो आवाज अजून अधूनमधून ऐकू येतो आणि पन्नाशीपुढची माणसं बोलता बोलता थांबतात. त्या गाडीची किक आणि गिअर एकाच दांडीत, हे सगळे सांगतात. तिच्या मागच्या अंगाबद्दल कुणी बोलत नाही. मडगार्ड खोल आणि गोलसर, चाकाला दोन्हीकडून कवेत घेणारं. साखळी पूर्ण झाकलेली, तेलाचा थेंब बाहेर उडायचा नाही. देखणं म्हणून वेगळं काही केलेलं नव्हतं, पण जे कामाला हवं होतं तेच गोलाई घेऊन बसलं होतं. आता कामाचं वेगळं आणि देखणं वेगळं झालंय. म्हणून मग पोरं रविवारी पाना घेऊन त्यांची फारकत पूर्ण करतात.

हे काही आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतल्या पोरांनी जड गाड्यांची मडगार्डं कापून शेपटं आखूड केली, त्याला बॉबर म्हणायला लागले. पुढं लंडनच्या पोरांनी मागचं सीट उडवून तिथं उंचवटा आणला आणि एका चहाच्या ठेल्यापासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावल्या. जावाचं नाव २०१८ ला परत आलं तेव्हा पेराक नावाची एकाच सीटची गाडी कंपनीनंच काढली. म्हणजे अंगणात पोरं जे फुकट करत होती ते आता शोरूममध्ये बिलासकट मिळतं. सगळ्या देशांत, सगळ्या पिढ्यांत कात्री लागते ती मागं बसणाऱ्याच्या जागेलाच. चालवणाऱ्याचं सीट कापून गाडी सुंदर झाली असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

तर रविवारी काम सुरू झालं. मी खुर्ची टाकून बसलो. मदत म्हणून नव्हे, उपस्थिती म्हणून. सीट किल्लीनं निघालं. दांडीचे बोल्ट करकरत निघाले आणि प्रत्येकाच्या आतून लोखंडाचं एक छोटं नळकांडं टपकन खाली पडलं. बोल्ट जास्त आवळला तरी प्लॅस्टिक चेपू नये म्हणून ते असतं. भाच्यानं त्यांना एका वाटीत ठेवलं. वाटी मामीची, लोणच्याची. मग प्लॅस्टिकच्या क्लिपा. ह्या क्लिपा बनवणारा माणूस कधीतरी भेटावा. लावताना अंगठ्यानं लागते आणि काढताना घरातल्या सगळ्यांची नखं लागतात.

मडगार्ड निघालं तेव्हा ते मी हातात घेतलं. बाहेरून गुळगुळीत काळं. आत उलटं करून पाहिलं तर साच्यातूनच उमटलेलं एक बारीक वर्तुळ होतं. घड्याळासारखे कडेनं बारा आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक आणि एक छोटा बाण, आकड्यांपैकी एकाकडे रोखलेला. हा भाग कुठल्या महिन्यात ओतला त्याची ही खूण. साच्यातला तो बाण दर महिन्याला कुणीतरी स्क्रूड्रायव्हरनं एक घर पुढं फिरवत असणार. शेजारी प्लॅस्टिकची जात लिहिलेली. जी वस्तू गाडीखाली चिखल खाण्यासाठी जन्मली तिच्या पोटाकडच्या बाजूला, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं, इतकी नीटस जन्मपत्रिका. मी ती भाच्याला दाखवली. "हां," तो म्हणाला आणि तारा ओढायला लागला.

तारांचा भाग मात्र त्यानं सुरेख केला, मान्य करायला हवं. एकेक जोड सोडवून त्याला टेप, टेपवर पेनानं अक्षर. नवीन आखूड ब्रॅकेट बसलं, प्लेट वर सरकून सीटखाली आली, जुन्या बल्बांच्या जागी चिमटीएवढे एलईडी इंडिकेटर लागले. गाडी हलकी, तरतरीत, जरा उद्धट दिसायला लागली. वाईट नव्हती.

मग त्यानं डावीकडचा इंडिकेटर दिला आणि तो टिकटिक टिकटिक टिकटिक असा सुटला.

टिपू सुलतानाच्या हत्तीचा डोळा इथल्या देवानं बरा केला, म्हणून सुलतान त्याला हकीम नंजुंड म्हणायचा, अशी ह्या गावाची आवडती कथा आहे. त्या गावात आमच्या गाडीचा डावा डोळा असा लवायला लागलेला. समोरचे अण्णा फाटकाशी येऊन उभे राहिलेच होते. त्यांनी गाडीला मागून एक फेरी घातली आणि कन्नडमध्ये विचारलं, "बाल एल्लप्पा?" शेपूट कुठंय रे बाबा? भाचा हसला. कोल्हापूरकराला तेवढं कन्नड उपजतच येतं.

डोळा लवण्याचं कारण साधं होतं. इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर जुन्या बल्बाला लागणाऱ्या करंटवर बेतलेला असतो. एक बल्ब गेला की करंट कमी होतो, आणि मग तो मुद्दाम भरभर लुकलुकवतो, मालकाला कळावं म्हणून. एलईडी इतका अल्पाहारी की त्याला वाटतं बल्बच गेला. म्हणजे सगळं ठीक असताना बिचारा धोक्याची घंटा वाजवत बसतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर बाजारात मिळतो, तो लावला की गप्प. आमच्या घरात ह्या स्वभावाच्या व्यक्ती आहेत. त्यांच्यासाठी बाजारात काही मिळत नाही.

रात्री ती गाडी फाटकाच्या दिव्याखाली उभी होती आणि मला एक गोष्ट जाणवत राहिली. मागच्या त्या सगळ्या पसाऱ्यात चालवणाऱ्याच्या कामाचं काहीच नव्हतं. लाल दिवा मागच्या ट्रकवाल्यासाठी. प्लेट पोलिसासाठी. दांडी बसणाऱ्यासाठी, साडीगार्ड तिच्या पदरासाठी. मडगार्डसुद्धा निम्मं पाठीमागून येणाऱ्याच्या तोंडासाठी. मालकाच्या वाट्याला फक्त बिल. आणि गंमत ही की हा भाग सुंदर व्हावा म्हणून जो धडपडतो त्याला चालवताना तो दिसतच नाही. तो हँडलवरचं घड्याळ बघत पुढं जातो. सौंदर्य मागच्यांना दाखवत जातो. ह्याला परोपकार म्हणावं की हौस, हे मी ठरवू शकलेलो नाही. लग्नात नवरदेवाच्या फेट्याचा शेमला पाठीवर सोडतात तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नाही.

मडगार्डानं उत्तर दिलं, दसऱ्याच्या आधीच्या एका संध्याकाळी. इकडे त्या दिवसांत दुपार टळली की ढग येतात आणि ऑफिस सुटायच्या वेळेला नेम धरून कोसळतात. गाडी साठच्या वेगानं जात असेल तर टायरचा माथा रस्त्याच्या हिशोबानं एकशेवीसनं पुढं पळत असतो, आणि मागून वर चढणारं पाणी सुटलं की सरळ वर आणि पुढं येतं. वाटेत मडगार्ड नसेल तर पाठ असते. भाचा घरी आला तो पुढून कोरडा, रेनकोटात, हसरा. मग बूट काढायला वळला. मानेपासून कमरेपर्यंत तांबड्या चिखलाचा एकच सरळ पट्टा, जणू कुणी फूटपट्टी लावून ओढलेला.

मामीनं तो शर्ट दोन बोटांत उचलून दोरीवर टाकला. बोलली काहीच नाही. तिचं न बोलणं ऐकायला मला बरीच वर्षं लागली होती. भाच्याला एका संध्याकाळीत जमलं.

पण खरी सुनावणी पुढंच होती. ताई, म्हणजे त्याची आई, दसऱ्याला आली. म्हैसूरचा दसरा बघायचा, देवळात जायचं, आणि लेकाच्या पहिल्या गाडीवर बसायचं, हे तिचं ठरलेलं. त्यासाठी मामीनं तिला म्हैसूर सिल्क नेसवली होती. नालवडी कृष्णराज वडियारांनी १९१२ साली म्हैसुरात रेशमाचा कारखाना उभारला; तेव्हापासून आमच्या सासर-माहेरच्या बायकांना ह्या शहराबद्दल एवढीच माहिती पुरेशी वाटते. साडी खरी, जर खरी, आणि ताई गाडीपाशी येऊन डाव्या बाजूला थांबली. वाकून बघितलं. उघडं चाक, उघडी साखळी, धरायला दांडी नाही.

"अरे, मी बसू कुठं? आणि धरू कशाला?"

"मला धर की आई."

"तुला धरलं की तू लहानपणापासून हसून वाकडा होतोस. रिक्षा बोलाव."

रिक्षा आली. दोघी रिक्षात बसून देवळात गेल्या आणि भाचा मागून सुंदर गाडीवर, एकटा, रिक्षाच्या मागं मागं गेला. त्या दिवशी मागचं सौंदर्य बघायला त्याच्या मागं कुणीच नव्हतं. येताना ताईनं रसबाळ्याची एक फणी घेतली. नंजनगूडची ही केळी पूर्वीसारखी मुबलक नाहीत, मररोगानं बागाच्या बागा खाल्ल्या, म्हणून दिसली की घ्यायचीच. फणी गाडीला कुठं बांधायची ह्यावर चर्चा झाली. बांधायला काही उरलंच नव्हतं. तीही रिक्षातून आली.

त्याच दुपारी लोणच्याची वाटी फडताळातून परत बाहेर निघाली. साडीगार्ड चढला, दांडी चढली, नळकांडी जागच्या जागी गेली, जन्मपत्रिकेसह मडगार्ड आपल्या जागी बसलं. एलईडी इंडिकेटर आणि नवा फ्लॅशर तेवढे राहिले; त्याला कुणाची हरकत नव्हती. ताई दुसऱ्या दिवशी कपिलेच्या पुलापर्यंत जाऊन आली. एका हातानं दांडी, दुसऱ्यानं पदर. परत आल्यावर म्हणाली, गाडी छान आहे, पण हा आरशात फार बघतो.

भाच्याचं म्हणणं, आरसे फार मोठे आहेत, पुढून गाडीचा नक्षा बिघडवतात, हँडलच्या टोकाला लागणारे छोटे मिळतात ते आणणार आहे. पान्यांचा डबा सध्या मामीनं तूरडाळीच्या डब्यामागं ठेवलाय. भाचा शोधतोय. मला विचारलं तर मलाही ठाऊक नाही, असं आमचं दोघांचं ठरलेलं आहे.